शाळेच्या आवारातील एक गुंठा माळरान : नव्याने काम सुरू करणाऱ्या शिक्षकांसाठी

जून उजाडला की आपल्याकडच्या शाळांमध्ये वृक्षारोपणाची लगबग सुरू होते. खड्डे खणले जातात, पाहुणे येतात, रोपाला हात लावलेले छायाचित्र निघते आणि पुढच्या जूनमध्ये बहुधा त्याच खड्ड्यात दुसरे रोप उभे केले जाते. हा लेख त्या कार्यक्रमाविषयी नाही. शाळेच्या आवारातील एखाद्या तुकड्यावर तिथल्या मातीला आणि पावसाला मानवणारे गवत, झुडपे, किडे आणि पाखरे पुन्हा नांदू लागावीत, आणि हे सारे मुलांच्या हातून व मुलांच्या डोळ्यांदेखत घडावे, यासाठी पहिल्या तीन वर्षांत काय करावे, हे येथे क्रमाने सांगितले आहे.

पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर या जिल्ह्यांतील पर्जन्यछायेच्या पट्ट्यात, जिथे वर्षाकाठी साधारण ५०० ते ६०० मिलिमीटर पाऊस पडतो, तिथल्या मुरमाड माळावर बांधलेली जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा मी डोळ्यांसमोर ठेवली आहे, कारण माझे बहुतेक काम अशाच शाळांमध्ये झाले. कोकणातील किंवा विदर्भातील शिक्षकांना झाडांची नावे बदलावी लागतील. कामाचा क्रम मात्र बदलावा लागणार नाही. जांभ्याच्या सड्यावर शाळा असेल तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो : त्या सड्यावर बाहेरून माती आणून टाकू नये. उघड्या कातळावर पावसाळ्यात उगवणारी इवली फुले हेच तिथले मूळचे वैभव आहे आणि मातीच्या भरावाखाली ते कायमचे गाडले जाते.

आरंभीच एक नियम सांगतो. तो नवख्या शिक्षकांना सहसा रुचत नाही. पहिल्या पावसाळ्यात एकही रोप लावू नये. तो पावसाळा जागा राखण्यासाठी आणि पाहण्यासाठी ठेवावा.

जागा निवडणे आणि परवानगी घेणे

सुरुवातीला एक गुंठा, म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद एवढी जागा पुरेशी आहे. त्याहून मोठा तुकडा घेतला तर राखण होत नाही, आणि राखण झाली नाही तर पुढचे सगळे व्यर्थ जाते. मुलांचे खेळाचे मैदान, कबड्डीची जागा, पायवाट आणि स्वच्छतागृहाकडे जाणारी वाट यांना हात लावू नये. वरून विजेच्या तारा जात नाहीत ना, नव्या वर्गखोलीचा प्रस्ताव त्याच कोपऱ्यासाठी गेलेला नाही ना, हे मुख्याध्यापकांना आणि ग्रामसेवकांना विचारून घ्यावे. तीन वर्षे राखलेल्या जागेवर पायाभरणीचा नारळ फुटला तर मुलांना काय सांगावे, हे कोणालाच सुचत नाही.

परवानगी तोंडी घेऊ नये. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत विषय मांडून ठराव करावा आणि त्यात जागेची चतुःसीमा लिहावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि ज्यांच्या शेळ्या पुढे त्या तुकड्यात शिरणार आहेत ती मंडळीही बहुतेक वेळा त्यांच्यातच बसलेली असतात. त्यामुळे चराईचा विषय त्याच सभेत काढावा. कापण्यायोग्य झालेले गवत हिवाळ्यात कोणाला मिळणार, हेही तिथेच ठरवावे. ‘गवत कापून न्या, पण जनावर सोडू नका’ ही तडजोड गावाला समजते. हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळून आपले डोंगर हिरवे केले, ते उदाहरण या भागातील पालकांना नव्याने सांगावे लागत नाही.

पहिला पावसाळा : राखणे आणि पाहणे

पाऊस सुरू होण्याआधी तुकड्याभोवती काट्यांचे कुंपण घालावे. बाभळीच्या आणि बोरीच्या वाळलेल्या फांद्या शेतकरी बांधावर टाकून देतात. त्या आणून बुंधा आत व शेंडा बाहेर अशा रचल्या म्हणजे शेळी तोंड घालत नाही. हे काम मोठ्यांनी करावे. तारेच्या कुंपणासाठी निधीची वाट पाहत बसण्यात दोन पावसाळे निघून गेल्याचे मी पाहिले आहे.

कुंपण झाल्यावर गावातील दोन-चार वृद्धांना शाळेत बोलवावे आणि मुलांना त्यांच्याशी बोलू द्यावे. इथे पूर्वी कोणते गवत होते, गुरे कुठे चरत, रानमेवा काय मिळे, कोणते पाखरू आता दिसत नाही, हे प्रश्न मुलांनी विचारावेत आणि उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावीत. पुष्कळदा उत्तर गावाच्या नावातच असते. बोरगाव, बाभूळगाव, पळसगाव, उंबरगाव, सावरगाव, हिवरे ही सारी झाडांची नावे आहेत. एका बोरगावात आवारभर गुलमोहर आणि सप्तपर्णी होती आणि बोरीचे एकही झाड नव्हते. ही विसंगती चौथीच्या मुलांनी स्वतःच दाखवून दिली.

त्यानंतर चार खुंट्या आणि सुतळी घेऊन एक मीटर लांब, एक मीटर रुंद असा चौकोन आखावा. असे पाच चौकोन तुकड्यात आणि तुलनेसाठी दोन चौकोन कुंपणाबाहेर आखावेत. दर पंधरा दिवसांनी मुलांनी प्रत्येक चौकोनात किती प्रकारची रोपे दिसतात ते मोजावे. नावे ठाऊक नसली तरी अडत नाही. ‘लाल देठाचे’, ‘चिकट पानाचे’ अशी मुलांनी ठेवलेली नावे वहीत चालतात आणि खरे नाव नंतर कळते. एक पान वहीत दाबून ठेवले म्हणजे झाले. परिसर अभ्यासाच्या तासाला हे काम सहज बसते आणि जादा वेळ मागावा लागत नाही.

पावसाचे पाणी कोठून येते, कोठून वाहते आणि कोठे थांबते, हे भर पावसात छत्री घेऊन पाहावे आणि त्याचा नकाशा काढावा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते, हे गणित मुलांना एकदा समजले की ती शाळेचे छप्पर स्वतःच मोजायला निघतात. १२० चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटरची एक सर आली तर १,२०० लिटर पाणी पागोळ्यांवाटे पडते आणि बहुतेक शाळांत ते फाटकातून रस्त्यावर जाते. ते तुकड्याकडे वळवण्यासाठी एक वीतभर खोल चर पुरतो. चर समपातळीत आखायचा असेल तर सारख्या लांबीच्या दोन काठ्या वरच्या टोकाला बांधाव्यात, मध्ये आडवी काठी लावावी आणि वरून ओळंबा सोडावा. दोन्ही पाय सारख्या उंचीवर आले की दोरी आडव्या काठीच्या बरोबर मध्यावर येते. गवंडीकाम करणारा एखादा पालक हे दहा मिनिटांत शिकवतो, आणि शाळेत येऊन काही शिकवल्याचा त्याला होणारा आनंद पुढे कुंपणाच्या दुरुस्तीच्या वेळी कामी येतो.

ऑगस्टपर्यंत काय काय उगवते ते पाहावे. जनावरांचे तोंड थांबले की मुरमातूनही टाकळा येतो, तरवडाची रोपे डोके काढतात, दबून राहिलेली बोर फुटते आणि कुसळी, मारवेल, पवन्या अशी गवते बी धरतात. यातले काहीही आपण लावलेले नसते. पहिल्या पावसाळ्यात रोपे लावू नयेत असे मी म्हणतो ते याचसाठी. जमिनीत काय शिल्लक आहे हे कळण्याआधीच आपण खड्डे खणले, तर जे आपोआप येणार होते तेच पहारीखाली जाते.

माळरानाला जंगल करू नये

येथे थोडे थांबून एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. उघडा माळ म्हणजे ओसाड जमीन, आणि झाडांनी गच्च भरलेली जमीन म्हणजे निसर्ग, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात दख्खनच्या पठारावरील माळरान हा स्वतंत्र अधिवास आहे. गवत, मध्येच एखादे हिवर किंवा बोर आणि बरीच उघडी जमीन हीच त्याची ओळख आहे. सोलापूरजवळच्या नान्नजचे अभयारण्य ज्याच्यासाठी राखले गेले तो माळढोक गवताळ माळावरच राहतो. आपल्या एक गुंठ्यात माळढोक उतरणार नाही, हे उघड आहे. पण चंडोल, टिटवी, मुनिया आणि सुगरण यांनाही मोकळे गवतच लागते, आणि ही पाखरे शाळेच्या आवारात खरोखर येतात.

म्हणून जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या नावाने ओळखली जाणारी, एका चौरस मीटरमध्ये तीन-चार रोपे दाटीने लावण्याची पद्धत मी माळावरच्या शाळांना सुचवत नाही. तिचा उपयोग इतरत्र असेल. कमी पावसाच्या मुरमाड माळावर मात्र तिला वर्षानुवर्षे टँकर लागतो आणि तयार होते ते या मातीचे नसते. माझे प्रमाण असे आहे : एक गुंठ्यात कडेने चार ते पाच झाडे, दहा-बारा झुडपे आणि उरलेला सगळा भाग गवत. पाहुण्यांना हे फार थोडके वाटते. वाटू द्यावे.

काढायचे काय

पावसाळा सरता सरता नको असलेल्या वनस्पतींकडे वळावे. गाजरगवत फुलण्याआधी मुळासकट उपटावे, कारण फुलल्यानंतर उपटताना बी आणि पराग दोन्ही पसरतात. १९५५ च्या सुमारास पुण्यात त्याच्याकडे प्रथम लक्ष वेधले गेले आणि आज ते देशभर पसरले आहे. त्याच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते आणि परागांमुळे दमा असलेल्यांना त्रास होतो. त्यामुळे हे काम मुलांना देऊ नये. मोठ्यांनी हातमोजे घालून, नाकाला रुमाल बांधून, ओल असताना ते उपटावे.

घाणेरी आणि वेडी बाभूळ यांच्या बाबतीत घाई करू नये. घाणेरीच्या जाळीत बुलबुलाचे घरटे असू शकते आणि आवारात दुसरे झुडूपच नसेल तर ती जाळी हाच पाखरांचा तेवढा एक आडोसा असतो. आधी पर्यायी झुडपे वाढू द्यावीत आणि मग दोन-तीन वर्षांत थोडी थोडी करून घाणेरी काढावी. सुबाभळीच्या बाबतीत मात्र शेंगा वाळण्याआधीच त्या तोडून टाकाव्यात, नाहीतर त्या एका झाडाची शंभर रोपे होतात. गुलमोहर मूळचा मादागास्करचा असला तरी आवारात मोठा झालेला असेल तर तो तोडण्याच्या भानगडीत पडू नये. त्यासाठी रीतसर परवानगी लागते, मुलांची सावली जाते आणि हाती फारसे काही लागत नाही.

बी गोळा करणे आणि रोपे करणे

दिवाळीनंतर ते मे महिन्यापर्यंत हे काम चालते आणि मुलांना सगळ्यात जास्त आवडते तेही हेच. बी गावाच्या चार-पाच किलोमीटरच्या परिसरातील, बांधावरच्या व रस्त्याकडेच्या झाडांचे घ्यावे. एका झाडाचे सगळे बी ओरबाडू नये. चार-पाच झाडांखालचे थोडे थोडे उचलावे. राखीव वनातून काहीही आणू नये.

प्रत्येक बियाची तऱ्हा निराळी असते. बहाव्याच्या लांब काळ्या शेंगेतील बियांचे कवच इतके कठीण असते की तशाच पेरल्या तर त्या महिनोन्महिने पडून राहतात. सुताराच्या पॉलिश पेपरवर बियाची एक बाजू रंग बदलेपर्यंत घासावी आणि मग रात्रभर पाण्यात भिजवावी. सकाळी फुगलेले बी पेरावे आणि न फुगलेले पुन्हा घासावे. कडुनिंबाचे आणि जांभळाचे बी याच्या अगदी उलट असते. ते पिकल्यावर थोड्याच दिवसांत उगवण्याची ताकद गमावते, म्हणून डब्यात भरून पुढच्या वर्षासाठी ठेवण्यात अर्थ नाही. बाभळीचे बी हवे असेल तर शेळ्यांच्या वाड्यात जावे. शेळ्या शेंगा आवडीने खातात आणि रवंथ करताना कठीण बिया तोंडातून बाहेर टाकतात; या बियांचे कवच मऊ पडलेले असल्यामुळे त्या लवकर रुजतात. ज्या शेळ्यांपासून आपण तुकडा राखतो त्यांच्याच वाड्यातून बी आणायचे, यातील गंमत मुलांच्या लगेच लक्षात येते.

वड, पिंपळ आणि उंबर यांची रोपे विकत घेण्याची गरज सहसा पडत नाही. शाळेच्याच भिंतीच्या फटीत, पन्हाळीपाशी, पाखरांच्या विष्ठेतून आलेले पिंपळाचे रोप हमखास सापडते. ते लहान असताना ओल्या दिवसांत मुळासकट सोडवून पिशवीत लावावे. भिंतही वाचते. मात्र एक गुंठ्यात वड लावू नये. तो काही वर्षांत सगळा तुकडा आपल्या सावलीखाली घेईल. त्याला आवाराच्या दुसऱ्या टोकाला, इमारतीपासून दूर जागा द्यावी.

रोपांसाठी दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन वापराव्यात, तळाशी व बाजूंना भोके पाडावीत आणि दोन भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत व एक भाग वाळू असे मिश्रण भरावे. पळस आणि बोर यांचे सोटमूळ झपाट्याने खाली जाते आणि पिशवीच्या तळाला गुंडाळी होऊन बसते. अशी रोपे एका पावसाळ्याहून अधिक काळ पिशवीत ठेवू नयेत. शक्य असेल तर त्यांचे बी थेट जागेवरच पेरावे. तरवडासाठी पिशवीची गरजच नाही. एवढे करूनही रोपे कमी पडली तर सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिकेत चौकशी करावी, पण ‘जे असेल ते द्या’ असे म्हणू नये. आपली यादी घेऊन जावे आणि यादीतले नसेल तर रिकाम्या हाताने परत यावे.

मातीच्या गोळ्यांत बी भरून ते माळावर फेकण्याचा उपक्रम सध्या लोकप्रिय आहे. मुलांना चिखलात हात घालायला मिळतो एवढा त्याचा फायदा निर्विवाद आहे. उघड्या मुरमावर पडलेला गोळा एखाद्या सरीने फुटून पुढच्या उघडिपीत वाळून जातो, हा माझा अनुभव असल्याने त्यावर मी विसंबत नाही.

गवतासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वाळलेली कणसे हाताने ओरबाडून गोणपाटात ठेवावीत. त्या वेळी मुलांना एक प्रयोग अवश्य दाखवावा. कुसळीच्या बियाला लांब, पिळदार कुसळ असते. ते वाळलेले बी ओल्या तळहातावर ठेवावे आणि हात स्थिर धरावा. काही क्षणांत कुसळ उलगडू लागते आणि बी तळहातावर स्वतःभोवती फिरते. जमिनीवर पडल्यानंतर पाऊस आणि ऊन यांच्या आळीपाळीने ते असेच फिरत मातीत शिरते. पेरणी करणारे कोणी लागत नाही. पायमोज्यात शिरलेल्या कुसळांबद्दलची मुलांची तक्रार त्या दिवसापासून पुष्कळ कमी होते.

दुसरा जून : लागवड

खड्डे एप्रिलमध्येच मोठ्यांनी खणून ठेवावेत. दीड फूट लांब, रुंद आणि खोल एवढा खड्डा पुरतो. मुरूम घट्ट असेल तर टिकावाने तळ तरी सैल करावा. वरची माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला टाकावा, म्हणजे भरताना वरची माती मुळांपाशी जाते. पहिल्या पावसाच्या भरात लावू नये. वळवाने जमीन फसवी ओली होते आणि नंतर पंधरा दिवस पाऊस दडी मारतो. मोसमी पावसाची दुसरी चांगली सर झाल्यावर, ओल वीतभर खाली गेली आहे हे हाताने उकरून पाहून मगच रोप लावावे. पिशवी ब्लेडने उभी चिरून काढावी. पिशवीसकट लावलेली रोपे मी इतक्या ठिकाणी पाहिली आहेत की ही सूचना लिहिण्याचा संकोच वाटत नाही.

झाडांमध्ये हिवर, बोर, बाभूळ, पळस, आपटा, बहावा यांतून निवड करावी. झुडपांमध्ये तरवड, करवंद, निर्गुडी, हेंकळ आणि रुई यांना जागा द्यावी. रुई लावायला सांगितले की पालक चकित होतात, कारण ती कोणी लावत नाही, ती आपली उगवते. पण बिबळ्या कडवा, म्हणजे प्लेन टायगर हे नारिंगी फुलपाखरू आपली अंडी रुईच्या पानांवर घालते आणि त्याच्या सुरवंटांचे पोट त्या पानांवरच भरते. फुलपाखरांसाठी फुले लावली पाहिजेत हे सर्वांना माहीत असते. सुरवंटांसाठी पाने लागतात हे विसरले जाते. लिंबू आणि कढीपत्ता यांवर वाढणारी फुलपाखरे वेगळी, टाकळा आणि बहावा यांवर वाढणारी पिवळट पंखांची वेगळी. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेली राणी पाकोळी, म्हणजे ब्लू मॉर्मन, हीदेखील लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढते. पण ती दमट भागातली असल्याने माळावरच्या शाळेत तिची आशा धरू नये.

चंद्रज्योत मात्र कुंपणालासुद्धा लावू नये. शेंगदाण्यासारख्या चवीच्या तिच्या बिया खाऊन शाळकरी मुलांना विषबाधा झाल्याच्या घटना महाराष्ट्रात वारंवार घडल्या आहेत. पिवळी कण्हेर, एरंड आणि गुंज यांनाही प्राथमिक शाळेच्या आवारात स्थान नाही. रुईचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते, म्हणून ती तुकड्याच्या मध्यभागी, हात सहज पोहोचणार नाही अशा ठिकाणी असावी आणि ‘पान तोडायचे नाही, फक्त उलटून पाहायचे तेही बाईंसमोर’ हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा.

गबाळेपणाची बाजू घेणे

या कामाला शेळ्यांहूनही मोठा धोका स्वच्छतेपासून असतो. वाळलेली पाने गोळा करून शनिवारी पेटवणे, गवत वाढले की छाटणे, दगडांचा ढीग हलवणे, वाळलेला ओंडका जळणाला नेणे या सवयी आपल्या शाळांच्या अंगवळणी पडल्या आहेत. अधिवासाला नेमके हेच सगळे हवे असते : पानांचा थर, उंच गवत, सरड्यांसाठी दगड आणि भुंग्यांसाठी कुजके लाकूड.

एका शाळेत आमच्या तुकड्याचे दुसरे वर्ष होते. रुईच्या एका रोपावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे आणि मध्ये पिवळे ठिपके असलेले सात सुरवंट होते. तिसरीतील एक मुलगी रोज मधल्या सुट्टीत ते मोजत असे. १३ ऑगस्टला त्यांपैकी दोघांचे फिकट हिरवे कोष पानाखाली लटकले होते. १४ तारखेला दुपारी ध्वजवंदनाची साफसफाई झाली आणि विळ्याने गवताबरोबर रुईही गेली. ज्यांनी कापले त्यांना कोणी काही सांगितलेच नव्हते. दोष माझा होता. त्या मुलीने १५ तारखेच्या पानावर ‘० सुरवंट’ असे लिहिले आणि खाली काहीच लिहिले नाही. तेव्हापासून मी जून महिन्यातच तीन गोष्टी करून घेतो. ‘हे गवत मुद्दाम राखले आहे’ अशी पाटी मुलांच्या अक्षरात लावतो, शाळेच्या साफसफाईचे काम पाहणाऱ्या व्यक्तीला तुकडा मुलांकडून दाखवून घेतो आणि तुकड्याभोवती तीन फुटांची पट्टी स्वतःहून स्वच्छ कापून ठेवतो. कडेची ती नीटस पट्टी दिसली की आतले गवत दुर्लक्षामुळे वाढलेले नाही, हे येणाऱ्याजाणाऱ्याला न सांगता कळते.

हीच पट्टी सापांच्या दृष्टीनेही आवश्यक आहे. घोणस, फुरसे, नाग आणि मण्यार हे चारही विषारी साप या पट्ट्यात आढळतात. तुकडा वर्गाच्या दारापासून आणि स्वच्छतागृहाच्या वाटेपासून दूर असावा, मुलांनी बूट घातल्याशिवाय आत जाऊ नये, दगडाखाली किंवा गवतात हात घालू नये, आणि आत नेहमी एका मोठ्या माणसाने काठी आपटत पुढे चालावे. सर्पदंशावरील प्रतिविष जवळच्या कोणत्या आरोग्य केंद्रात आहे याची आधीच चौकशी करून तो क्रमांक आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक कार्यालयाच्या भिंतीवर लिहावा. पालकांचा पहिला प्रश्न सापांचाच असतो आणि त्याला तयार उत्तर असले की पुढची चर्चा सोपी जाते.

नोव्हेंबरच्या अखेरीस बी गळून पडल्यावर तुकड्यातील निम्मे गवत कापून ठरावाप्रमाणे वाटावे आणि निम्मे उभे ठेवावे. पुढच्या वर्षी बाजू बदलावी. जानेवारीपूर्वी सभोवतीची पट्टी आणखी रुंद करून आग अडवणारी जाळरेषा तयार करावी. वाळलेल्या गवताला एक विडीचे थोटूकही पुरते. मार्चनंतर मात्र आतील उघड्या जमिनीवर विनाकारण फिरू नये. टिटवी चार खड्यांमध्ये चार अंडी घालते आणि ती अंडी खड्यांहून वेगळी ओळखता येत नाहीत. डोक्यावर टिटवी ओरडत घिरट्या घालू लागली तर मागे फिरावे.

मे महिना

जून ते एप्रिल शाळा चालू असते तोपर्यंत पाण्याची चिंता फारशी नसते. पोषण आहाराच्या आधी मुले हात धुतात ते पाणी एका उथळ चराने रोपांपर्यंत नेता येते. ताटांचे खरकटे त्यात जाऊ नये म्हणून तोंडाशी जाळी बसवावी. पण सुट्टी लागली की हात धुणारी मुलेही जातात आणि पाणीही जाते, आणि नेमक्या त्याच सहा आठवड्यांत रोप जगते किंवा मरते. म्हणून मे महिन्याची व्यवस्था एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कागदावर असली पाहिजे.

प्रत्येक रोपाशेजारी पाच लिटरचे कच्च्या भाजणीचे मडके गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरून त्यावर खापरी ठेवावी. पाणी हळूहळू झिरपत मुळांकडे जाते आणि आठवड्यातून दोनदा भरले तरी चालते. पंधरा-सोळा रोपांना एका वेळी साधारण ८० लिटर पाणी लागते, म्हणजे पाच-सहा घागरी. शाळेजवळ राहणाऱ्या कुटुंबांची यादी करावी, सुट्टीत मामाच्या गावाला जाणारी मुले त्यातून वगळावीत आणि उरलेल्यांत दोघादोघांना आठवडे वाटून द्यावेत. पाणवठ्याची आणि फाटकाची किल्ली कोणाकडे असेल, हेही त्याच कागदावर लिहावे. मुले आली, पण फाटकाला कुलूप होते, असे मी दोनदा अनुभवले आहे. पालापाचोळ्याचा चार बोटे जाडीचा थर रोपाभोवती दिला तर ओल टिकते. तो खोडाला चिकटवू नये, कारण वाळवी वर चढते.

तिसरे वर्ष आणि वही

चौथीतील मुले शाळा सोडून जातात आणि त्यांच्यासोबत तुकड्याची माहितीही निघून जाते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक रोपाची जबाबदारी एका मोठ्या व एका लहान मुलाकडे जोडीने द्यावी आणि एकच जाड वही ठेवावी. तिच्यात चौकोनांची मोजणी, पावसाच्या नोंदी, आलेली पाखरे, मेलेली रोपे आणि ती मेल्याचे कारण, सगळे तारखेसह असावे. गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे, २००२ च्या कायद्यानुसार, लोकजैवविविधता नोंदवही असते. मुलांच्या वहीतील खात्रीच्या नोंदी तिच्यात जाव्यात यासाठी ग्रामपंचायतीत अर्ज द्यावा. आपल्या अक्षरातील नोंद गावाच्या दप्तरात गेली की मुलांचे लिहिणे एकदम नेटके होते.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर मडकी एकेक करून काढून घ्यावीत आणि पाणी थांबवावे. एखादे रोप त्या उन्हाळ्यात मरेल. त्याच खड्ड्यात लगेच दुसरे रोप लावण्याची घाई करू नये. वाळलेले खोड तसेच उभे ठेवावे, त्यावर वेडा राघू बसतो आणि तिथून किडे टिपतो. पुढच्या जूनमध्ये त्या खड्ड्याभोवती सुतळीचा एक नवा चौकोन आखावा, पहिलीत आलेल्या मुलांपैकी दोघांची नावे वहीत त्या चौकोनासमोर लिहावीत आणि आपोआप काय उगवते ते त्यांना मोजायला द्यावे.